शुक्रवारची पुडी

सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची असेल तर पहिली अट अशी होती, की केसांना तेल लावायचं नाही. दुसरी अट, गजरा माळायचा नाही. तिसरी, पर्समध्ये खाण्याचा जिन्नस ठेवायचा नाही, अगदी बडीशेपसुद्धा नाही. ही यादी मी घरी वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "हे शिक्षण हाय का सुतक?" आमचे नाना, म्हणजे माझे वडील, दौलताबादला शेती करायचे, किल्ल्याच्या पायथ्याला आमची सीताफळांची बाग होती. त्यांनी मला तीन वर्षं दिली होती. तीन वर्षांत प्रबंध झाला नाही तर येईल त्या स्थळाला मुकाट्यानं हो म्हणायचं, असा आमचा तोंडी करार होता, आणि तो मोडण्याची माझी हिंमत नव्हती.

सर मुंग्यांवर काम करत. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणत होतो, आणि त्या औरंगाबादेत मुंग्यांवर आयुष्य घालवणारा हा एकच माणूस होता. वय पन्नाशीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही, अंगानं काटक. पँटीचे दोन्ही खिसे कायम उलटे करून बाहेर काढलेले. खिशात कधी चुकून शेंगदाणा, साखरेचा कण राहिला आणि तो वारुळापाशी पडला तर सगळ्या नोंदी बिघडतील, म्हणून हा बंदोबस्त. नवीन माणसाला वाटायचं, यांचा खिसा कुणी मारला की काय. सायकलवरून जाताना ते खिसे दोन्ही बाजूंना फडफडायचे आणि गुलमंडीतले दुकानदार मान न उचलता सांगायचे, "मास्टर चालले."

सरांकडे दाढीचे दोन ब्रश होते. एक दाढीचा, दुसरा मुंग्यांचा. दुसऱ्याचं काम सांगायला हवं. सरांच्या मुंग्या गवताचं बी गोळा करणाऱ्या जातीच्या. बी वारुळात न्यायचं, सोलायचं, आणि साल बाहेर आणून दारापुढं टाकायची. दाराभोवती या कोंड्याचं एक कडं तयार होतं. ते कडं रोज संध्याकाळी पाच वाजता ब्रशनं हलकेच गोळा करायचं, कागदाच्या पुडीत बांधायचं, पुडीवर वार घालायचा आणि विभागात आणून वजन करायचं. मुंग्यांनी दिवसभरात किती काम केलं हे त्यांना न छेडता त्यावरून कळतं. पद्धत साधी आणि चिकाटीची. फक्त एकदा सर घाईत चुकीचा ब्रश तोंडावर फिरवून वर्गात आले आणि तासभर त्यांच्या हनुवटीला गवताची कुसळं चिकटलेली होती. कुणाची सांगायची छाती झाली नाही.

त्यांना सगळ्यात जास्त चीड कशाची असेल, तर मुंगी मेहनती असते या वाक्याची. कुणी ते बोललं की सर त्याला हात धरून उघड्या केलेल्या वारुळापाशी न्यायचे. "बघा. कितीतरी जणी नुसत्या बसल्यात. तास तास हलत नाहीत. शाळेच्या पुस्तकवाल्यांनी यांना कधी पाहिलेलंच नाही." या बसून राहणाऱ्या मुंग्यांवर त्यांचा फार जीव. उत्क्रांतीनं लाखो वर्षं यांना फुकट पोसलेलं नाही, त्यांच्या बसण्यालाही काहीतरी अर्थ असणार, आणि तो आपल्याला सापडला पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. पुढं जे झालं ते या ध्यासापायीच झालं, असं मला वाटतं.

सरांचं शिक्षण निजामाच्या राज्यात झालं. घरात मराठी आणि शाळेत उर्दू. त्यामुळं त्यांचा हात उर्दू लिपीत पळायचा. मुंग्यांच्या वह्या ते मराठीत लिहायचे, पण उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडं. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, म्हणून माझी वही वेगळी होती. सवयीनं ते आमच्या वह्याही शेवटच्या पानापासून उघडत. आधी निष्कर्ष वाचायचे, मग मागं मागं जात तो कशाच्या जोरावर काढला ते तपासायचे. परीक्षक म्हणून ते कुठं गेले की तिथल्या मुलांना कापरं भरायचं.

बोलण्यात उर्दू शब्द भरपूर. मुंगीनं काही केलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "पाहिलं का? दर्ज केलं का?" आणि अंदाजानं काही लिहिलं की, "हा कयास झाला." कयास हा शब्द ते शिवीसारखा उच्चारायचे. एकदा श्रावणात धो धो पाऊस होता, एस.टी. बंद होती, सरांनाही ताप होता. त्या दिवसाच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. पावसात मुंग्या बाहेर पडत नाहीत, हे आता मलाही माहीत झालं होतं. सरांनी ती ओळ वाचली आणि विचारलं, "पाहिलं होतं?" मी म्हटलं, नाही, पण एवढ्या पावसात. त्यांनी माझ्याच हातानं ती ओळ खोडायला लावली आणि वर लिहायला लावलं, "पाहिलं नाही." मग म्हणाले, "शून्य आणि पाहिलं नाही यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, बाईसाहेब. वहीत खोटं एकदाच लिहायचं असतं. त्यानंतर सगळी वहीच खोटी." आम्हा सगळ्यांना ते अहो-जाहोच करत. त्या दिवशी बसमध्ये मी रडत घरी आले.

ज्या वारुळावर माझा प्रबंध उभा राहायचा होता ते शहागंजात होतं. बाजाराच्या मागं एक बोळ, बोळाच्या टोकाला एक जुनं घर, घराच्या अंगणात कोरडा पडलेला हौद आणि डाळिंबाचं झाड. हौदाच्या तुटक्या पायरीखाली मुंग्यांचं दार. तिथून त्यांची रांग निघायची, भिंतीच्या भोकातून पलीकडं कब्रस्तानात जायची आणि तिथल्या गवताचं बी घेऊन यायची. या घरात एक म्हातारी एकटी राहायची. तिला सगळे बी म्हणत, बीबीमधलं बी. तख्तावर बसून सुपारी कातरत ती आमच्याकडं पाहत असे. सर पाटावर बसले की ती म्हणायची, "आव मास्टर. बच्चे कब से इंतजार करे तुम्हारा." मुंग्यांना ती सरांचे बच्चे म्हणायची.

बीचा एकुलता एक मुलगा सरांचा वर्गमित्र. एका बाकावर बसून दोघं शिकले. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी तो कराचीला निघून गेला. सर त्याला स्टेशनवर पोचवायला गेले होते, आणि अम्मीकडं मी रोज जाईन, असं त्यांनी गाडी हलताना सांगितलं म्हणे. त्यानंतर सर रोज जातच होते. मुंग्यांसाठी ते घर धरलं की घरासाठी मुंग्या धरल्या, हे मी एकदा धीर करून विचारलं. सर म्हणाले, "मुंग्यांसाठी. वारूळ उत्तम आहे." मग दुर्बिणीसारखं भिंग डोळ्याला लावून त्यांनी विषय संपवला.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती गोष्ट माझ्या ध्यानात आली. पुड्या वजनाला घेताना एक पुडी दर थोड्या दिवसांनी रिकामी वाटावी इतकी हलकी लागायची. वार पाहिला तर शुक्रवार. मागच्या पुड्या काढल्या, तिथंही शुक्रवार. बाकी सहा दिवस मुंग्या रीतसर कोंडा टाकत होत्या आणि शुक्रवारी जवळजवळ काही नाही. मी सरांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. वारांवर कागद चिकटवून घेतले आणि सगळ्या पुड्यांची वजनं स्वतः पुन्हा केली. कागद काढले. मग ते खुर्चीवर मागं रेलले आणि कितीतरी वेळ छताकडं बघत राहिले. मुंग्यांना आठवड्याची सुट्टी असते, असं जगात कुणी म्हटलेलं नव्हतं. ज्या बसून राहण्याचा अर्थ ते आयुष्यभर शोधत होते, तो आपल्या पुड्यांत असा पडलेला. त्या दिवशी सरांनी विभागात सगळ्यांना चहा पाजला, आणि वारूळ दोन-अडीच मैलांवर असल्यामुळं स्वतःच्या कपातही साखर घालून घेतली.

निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. पोलीस ॲक्शननंतर ती रविवारी आली. त्यामुळं आमच्या विभागप्रमुखांना आयतीच थट्टा मिळाली. सरांना बघितलं की ते म्हणायचे, "काय हो, तुमच्या मुंग्यांना पोलीस ॲक्शन झाल्याचं कुणी कळवलं नाही वाटतं." सर यावर मोकळं हसायचे. त्यांना इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

खरं सांगायचं तर आम्ही तेव्हाच थांबायला हवं होतं. विद्यापीठाच्या माळावरच्या वारुळाला अशी सुट्टी नव्हती. आमच्या दौलताबादच्या बांधावरच्या वारुळालाही नव्हती. सर मुद्दाम आमच्या शेतावर येऊन दोन आठवडे तळ ठोकून बसले, पाचच्या पुडीला तेवढे शहागंजात जाऊन यायचे. नानांनी त्यांना सीताफळं देऊ केली, सरांनी ती वारुळाच्या भीतीनं बांधाच्या पार टोकाला जाऊन खाल्ली. सुट्टीचं सगळं प्रकरण ऐकून घेतल्यावर नाना म्हणाले, "आमच्या मुंग्यायला सुट्टी परवडत नाय, सर. शेतकऱ्याच्या हायेत त्या." मला वाटलं सर आता म्हणतील, मग आपलं काहीतरी चुकतंय. पण त्यांनी म्हटलं, शहरातलं वारूळ जुनं आहे, तिथली वस्ती वेगळी, तिथं वेगळी चाल पडली असेल. हा शुद्ध कयास होता. मला तो कळला आणि मी गप्प बसले, कारण मला ती सुट्टी हवी होती. माझी दीड वर्षं संपली होती.

मुंबईच्या परिषदेत वाचायच्या निबंधाचा सारांश गेला, छापूनही आला. सरांनी गुलमंडीतल्या शिंप्याकडं कोट टाकला. शिंप्यानं खिसे किती विचारले तेव्हा सर म्हणाले, एकही नको. शिंपी म्हणाला, तीस वर्षांत असा कोट मी शिवला नाही, लोक मला नावं ठेवतील. शेवटी तडजोड म्हणून त्यानं खिशांच्या जागी नुसत्या पट्ट्या शिवून दिल्या.

आणि मग माझी छत्री बीच्या अंगणात राहिली. गुरुवार होता. पाचला पुडी बांधून सर सायकलवरून निघून गेले, मी बसच्या थांब्यावर बराच वेळ ताटकळले आणि छत्री आठवून परत फिरले. दिवस मावळून मगरिबची अजान होऊन गेली होती. अंगणात बी हौदाच्या पायरीशी उकिडवी बसली होती. डाव्या हातात वाटी, उजव्या हाताच्या चिमटीनं ती मुंग्यांच्या दाराभोवती काहीतरी टाकत होती आणि ओठांत पुटपुटत होती. मी जवळ गेले. वाटीत रवा होता, साखर कालवलेला. मुंग्या दारातून अशा लोटत होत्या, की त्यांना हे येणार हे आधीच ठाऊक असावं.

मी विचारलं, हे रोज करता का. ती म्हणाली, नाही, फक्त जुमेरातला. जुमेरात म्हणजे गुरुवार. कधीपासून, तर मुलगा गेला त्या आठवड्यापासून. तिनं लपवलं नव्हतं काहीच. आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं इतकंच. मी तिथं बावळटासारखी उभी राहून विचारलं, कशासाठी. बीनं वाटी खाली ठेवली.

"उधर मेरे बच्चे कू कौन पूछता होगा, मेरेकू क्या मालूम. इधर मैं इन्कू खिलाती. उधर कोई उसकू खिलाए."

सगळा हिशेब माझ्यासमोर लख्ख झाला. गुरुवारी तिन्हीसांजेला घरबसल्या रवा मिळाला की मुंग्या शुक्रवारभर तो आत नेण्यात आणि लावण्यात गुंतत. गवताकडं कोण जाणार? गवताचं बी सोललं नाही तर कोंडा कुठून येणार? रव्याला तर सालही नसते. मुंग्या शुक्रवारी सुट्टी घेत नव्हत्या, त्यांच्या घरी मेजवानी असायची. मी छत्री घेतली आणि माझी बस केव्हाच निघून गेली आहे हे थांब्यावर पोचल्यावर मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. मला वाटलं ते कोसळतील, निदान खुर्चीत बसतील. त्यांनी उभ्या उभ्या एकच प्रश्न विचारला, "रवा की कणी?" मी म्हटलं, रवा, साखर घालून. त्यांनी वही उघडली आणि ते दर्ज केलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या पाटावर बसतोय. तिच्या हातात काय असतं हे मी कधी बघितलं नाही." त्या दिवसापासून शुक्रवारच्या पुडीला त्यांनी हात लावला नाही. ती मीच बांधायची आणि मीच वजन करायची.

मी तरुण होते आणि घाबरलेली होते. माझा मार्ग सरळ होता. बीला सांगायचं, सहा गुरुवार रवा टाकू नका. शुक्रवारी कोंडा आला तर कारण सिद्ध झालं. सुट्टीचा शोध गेला तरी माणसानं टाकलेल्या दाण्यानं वारुळाची चाल कशी बदलते, यावर प्रबंध उभा राहतो. मी हे सरांना मांडून दाखवलं. ते पुरतं ऐकून घेऊन म्हणाले, "नाही."

मी म्हटलं, सहाच आठवडे. मी म्हटलं, माझी मुदत संपत आली आहे. सर, जे कधी मशिदीत गेले नाहीत की देवळात गेले नाहीत, ज्यांनी वर्गात नवसासायासांची यथेच्छ टर उडवली, ते सर म्हणाले, "बीला थांबवायचं नाही. तिचा मुलगा जेवतोय तिकडं." मला इतका राग आला की मी दार आपटून बाहेर पडले. मुंग्यांची सुट्टी खरी मानणारा माणूस आता हेही खरं मानायला लागला, असं मी मैत्रिणीला म्हणाले. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

कारण मी शहागंजात गेले आणि बीला सांगितलं. सरांचं काम अडलंय, सहा जुमेराती रवा टाकू नका, असा सरांचा निरोप आहे. बीनं डोळ्याला डोळा भिडवून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मास्टर बोले? तो फिर नक्को. पहले बोलना था ना." आणि ती सुपारी कातरायला लागली.

त्या सहा गुरुवारी मी पाच वाजल्यानंतरही तिथं रेंगाळायची. अपराधी वाटत होतं म्हणून म्हणा, तिनं शब्द पाळला का हे बघायला म्हणा. मगरिबच्या वेळेला तिच्या हातांना काही सुचायचं नाही. मग तिनं मला उर्दू अक्षरं शिकवायला सुरुवात केली. तख्तावर सांडलेल्या काताच्या भुकटीत बोटानं अलिफ काढायची, बे काढायची, माझं बोट धरून गिरवून घ्यायची. चुकलं की हातानं पुसून टाकायची आणि म्हणायची, "फिर से." सहा गुरुवारांत मला अडखळत वाचता यायला लागलं. आणि सहाही शुक्रवारी कोंडा आला, इतर दिवसांइतका, तोलून मापून.

सहा पुड्या मी सरांच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. मनात कुठंतरी शाबासकीची आशा होती. सरांनी पुड्यांवरचे वार वाचले, पहिली पुडी हातात घेऊन जोखली आणि परत ठेवली.

"कुणी थांबवलं तिला?"

"मी. तुमचं नाव सांगून."

"तू," सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला एकेरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ते उठले आणि सायकल काढली. मी रिक्षा करून मागं गेले.

मी पोचले तेव्हा सर अंगणात मान खाली घालून उभे होते. बी घरातून एक तुपाचा गंजका डबा घेऊन येत होती. डबा रिकामा नव्हता. त्यात जुन्या कापडाच्या सहा पुरचुंड्या होत्या. दर गुरुवारी तिनं वाटीभर रवा-साखर कालवली होती, बांधली होती आणि बाजूला ठेवली होती.

"हो गया क्या मास्टर तुम्हारा काम?" तिनं विचारलं. "छह जुमेरात का है. मैं डर डर के रही. पर तुम्हारा काम था ना. अब इनका हक इन्कू देती."

सर खाली बसले. ज्या माणसानं वारुळापाशी शेंगदाण्याची साल पडू नये म्हणून आयुष्यभर खिसे उलटे ठेवले, त्यानं पुरचुंडी सोडली आणि आपल्या हातानं रवा टाकला. एक पुरचुंडी त्यांनी माझ्या हातात दिली. आम्ही तिघांनी मिळून सहा आठवड्यांचं देणं एका संध्याकाळी दिलं. मुंग्यांना पुढं कितीतरी दिवस गवताकडं बघायची गरज पडली नसेल. मी रडत होते. बीनं माझ्या हातातली पुरचुंडी थोडी पुढं सरकवली.

निघताना सरांनी वही उघडली. म्हणाले, "या वहीत मुंग्यांसाठी अकरा रकाने आहेत. माणसासाठी एकही नव्हता. चूक तिथं झाली, रव्यात नाही." आणि त्यांनी पट्टी ठेवून बारावा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर लिहिलं, टाकणाऱ्याचं नाव. खाली पहिली नोंद केली, बी. माझ्या वहीतही तो रकाना आखून घेतला.

मुंबईत सर बिनखिशांचा कोट घालून उभे राहिले आणि छापलेला सारांश खोटा आहे असं सांगून त्यांनी सुरुवात केली. लोक हसले. मी शेवटच्या रांगेत होते, मला ते हसू सहन झालं नाही. सर मात्र शांतपणे सहा पुड्यांचा तक्ता दाखवत राहिले. तो त्यांचा एकमेव मोठा शोध होता आणि त्यांनी तो स्वतःच्या तोंडानं मोडीत काढला. परत आल्यावर पाच वाजता ते नेहमीसारखे पाटावर होते.

माझा प्रबंध मुदतीनंतर दोन महिन्यांनी झाला. नानांनी ते दोन महिने बिनतक्रार दिले. स्थळवाल्यांना म्हणाले, "मुंग्यायचं काम हाय, आस्तेच व्हायचं." प्रबंधात आभाराची पहिली ओळ सरांनी मला बीच्या नावानं लिहायला लावली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, या बाई कोणत्या विद्यापीठाच्या? सर म्हणाले, शहागंजच्या.

लग्न होऊन मी नांदेडला गेले, तिथल्या कॉलेजात शिकवायला लागले. सरांचं दर दोन-तीन महिन्यांनी एक पोस्टकार्ड यायचं. मजकूर अगदी थोडा. पाऊस किती, पंख फुटलेल्या मुंग्या कधी उडाल्या, आणि शेवटी ठरलेली ओळ: "शुक्रवारची सुट्टी चालू आहे." त्यावरून मी समजायचे की बी बरी आहे. वेगळं विचारायची गरज वाटली नाही. संसार, नोकरी, मुलं, यात वर्षं कशी गेली ते कळलं नाही. आता सर नाहीत. पण ते निवृत्त झाले त्या महिन्यात मी एकदा गेले, ते बरं झालं. मुद्दाम शुक्रवार धरून गेले.

पाच वाजता शहागंजातल्या त्या अंगणात सर पाटावर बसलेले होते. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाले, "ये. तेल लावलंयस." मी लांबच बसले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते उमगेना. मग दिसलं, त्यांचे खिसे आत होते. नीट आत, माणसांचे असतात तसे. आणि तख्त नव्हतं.

घरात बीच्या पुतण्याचं कुटुंब राहत होतं. त्याची बायको पाणी घेऊन आली. मी तिला विचारलं, बी कुठं आहेत. ती सरांकडं बघत हळूच म्हणाली, "उनो तो गुजर गए ना. चार बरस हो गए."

मला आधी सरांचा राग आला. चार वर्षांत इतकी पोस्टकार्डं आली आणि हे एक वाक्य त्यांना लिहिता आलं नाही. सर हौदाशेजारच्या नळावर हात धुवायला उठले. वही पाटाशेजारी उघडी होती. मी ती ओढून घेतली आणि बीनं काताच्या भुकटीत शिकवलेली अक्षरं लावत, उजवीकडून डावीकडं, अडखळत वाचायला लागले. कालची ओळ. गुरुवार. रवा, साखरेसह, एक वाटी. वेळ, मगरिबनंतर. शेवटी बारावा रकाना. टाकणाऱ्याचं नाव, बी.

मी पान मागं उलटलं. त्याच्या आधीचा गुरुवार, बी. त्याच्या आधीचा, बी. मी मागं मागं जात राहिले, त्यांनीच लावलेल्या सवयीनं. चार वर्षांचे सगळे गुरुवार, एकही न चुकता, त्याच स्वच्छ अक्षरात, बी.

सर ओले हात झटकत परत आले. माझं बोट कुठं आहे ते त्यांनी पाहिलं. एक शून्य लिहिलं म्हणून माझ्याच हातानं ओळ खोडायला लावणारा हा माणूस होता. मी विचारलं, "सर, पाहिलं होतं?"

ते पाटावर बसले. हात पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर रव्याचे चार दाणे पायरीवर पडले. मुंग्या लगेच आल्या. सर त्यांच्याकडं बघत राहिले.

"वाटी तिचीच आहे," ते म्हणाले.

मी वही मिटली नाही, ओळही खोडली नाही. पाटाशेजारचा ब्रश घेतला आणि पायरीशी वाकले. दारापुढं कोंडा नव्हताच. मी कागदाची घडी घातली, वर शुक्रवार लिहिलं आणि ती रिकामी पुडी सरांच्या हातात दिली.